‘नियंत्रण सुटले’ एवढ्यावर चौकशी संपवू नका: रस्ते विभागाला खुले पत्र

रस्ते बांधणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या आणि त्यांवरची वेगमर्यादा ठरवणाऱ्या विभागाच्या प्रमुखांना,

स. न. वि. वि.

सात महिन्यांपूर्वी केलेल्या माझ्या अर्जाचं उत्तर मिळालं. चारच वाक्यं आहेत, म्हणून पूर्ण देते. ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने सदर अपघात घडला. रस्त्याचे नूतनीकरण अलीकडेच झाले असून पृष्ठभाग सुस्थितीत आहे. रस्त्यात दोष आढळून आला नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

हा चालक माझा धाकटा भाऊ होता. एकेचाळीस वर्षांचा. हे पत्र मी बंद पाकिटातून तुमच्या टेबलावर पाठवू शकले असते. पण तुमचं पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचताना लक्षात आलं की ते एकट्या माझ्या घरी आलेलं नाही. ज्यांचं माणूस रस्त्यावर गेलं, त्यातल्या कितीतरी घरांत हेच वाक्य पोचलेलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

काय झालं ते आधी सांगते, कारण तुमच्या उत्तरात ते कुठेच नाही.

पहाटेची वेळ होती. रस्ता कोरडा, समोरून वाहन नाही. गाडीत तो एकटा होता, पट्टा लावलेला होता. दारू तो घेत नसे आणि वैद्यकीय अहवालातही ती आढळली नाही. फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत होता. एका लांब वळणावर गाडीचं बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक डांबरावरून खाली उतरलं. त्याला क्षणभर डुलकी लागली असेल. मी ते नाकारत नाही. माझ्या भावाकडून चूक झाली, असं धरूनच मी पुढचं सगळं लिहिते आहे.

नवव्या दिवशी मी त्या वळणावर गेले. मी भौतिकशास्त्र शिकवते, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे शाळेतली लांब टेप सोबत नेली होती. डांबराची कड आणि साइडपट्टीची माती यांच्यात अकरा सेंटिमीटरची पायरी होती. मी मूठ उभी धरून पाहिली, पूर्ण मावली. डांबराच्या त्या कडेवर टायरची बाजू घासल्याचा काळा ओरखडा होता, सात मीटर लांब. तो अचानक संपत होता आणि तिथून रस्त्यावर दोन वाकडे काळे पट्टे सुरू होत होते: एकदा आतल्या बाजूला, मग पुन्हा बाहेरच्या. पट्टे जिथे डांबर सोडत होते, तिथून एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर दिव्याचा खांब.

हे पट्टे तुमच्या अभियंत्यांना माझ्याहून चांगले वाचता येतात. चाक खाली उतरलं की कोणताही माणूस स्टिअरिंग रस्त्याकडे वळवतो. कड उतरती असेल तर चाक सहज वर येतं. उभी असेल तर टायर तिला घासत राहतो, वर चढत नाही. माणूस स्टिअरिंग आणखी वळवतो. मग चाक एकदम वर चढतं आणि त्या वेळी ते रस्त्याच्या दिशेच्या मानाने फार जास्त वळलेलं असतं. गाडी आडवी झेपावते. घाबरून उलट वळवलं की ती दुसऱ्या अंगाला फिरते. चालक जागा असो, निष्णात असो, एवढ्या वेळात काही करणं कोणाच्या हातात राहत नाही. माझ्या भावाची गाडी अशी फिरून आडवी गेली आणि त्याच्या बाजूचा दरवाजा खांबावर आदळला.

ती पायरी आली कुठून? ज्या नूतनीकरणाचा दाखला तुम्ही देता, त्यातूनच. जुन्या डांबरावर नवा थर चढला, त्याच्यावर आणखी एक चढला. साइडपट्टी भरून त्या उंचीला आणायचं काम राहून गेलं. पृष्ठभाग सुस्थितीत आहे, हे खरं आहे. माझा भाऊ त्या पृष्ठभागाच्या कडेवरून गेला.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला अजून झोपू देत नाही. नवव्या दिवशी मी पोचले तेव्हा तिथे नवा खांब उभा होता. जुन्याच जागी, जुन्याच पायावर. भोवतीचं सिमेंट अजून ओलं, गडद दिसत होतं. ज्या कोणी तो बसवला त्याने काम मन लावून केलं होतं, ओळंब्यात सरळ. हा खांब इथे असावा का, असं त्या नऊ दिवसांत तुमच्या विभागात कोणी कोणाला विचारलं का?

नियंत्रण सुटलं, हे मान्य. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथून तुमची चौकशी सुरू व्हायला हवी होती आणि तुम्ही ती तिथे संपवलीत. माणसाची चूक आणि माणसाचा मृत्यू यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. ते रस्त्याने भरलेलं असतं, आणि रस्ता तुमच्या ताब्यात आहे.

विमान पडतं तेव्हा ‘वैमानिकाचं नियंत्रण सुटलं’ एवढं लिहून कोणी फाइल बंद करत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाचा हे ठरवणं त्या तपासाचं काम नाही. म्हणून वैमानिक का चुकला, समोरचा काटा त्याला नीट दिसत होता का, त्याची किती तासांची ड्यूटी झाली होती, हे सगळं विचारलं जातं आणि उत्तरानुसार विमानं बदलली जातात. विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला त्यात या सवयीचा मोठा वाटा आहे. रस्त्यांवर जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालाचा अंदाज आहे. ५ ते २९ या वयोगटात तर मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. तरीही रस्त्यावरच्या मरणाला आपण सगळेच लवकर शरण जातो. भावाच्या तेराव्या दिवसापर्यंत मला किती जणांनी सांगितलं, त्याची वेळ भरली होती, कोणाच्या हातात काय असतं. नातेवाईक मायेपोटी बोलतात, त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण तुमचं उत्तर वाचलं आणि वाटलं, तेच वाक्य सरकारी भाषेत लिहिलंय.

हातात पुष्कळ असतं. १९५९ साली व्होल्वो कंपनीचे अभियंता नील्स बोलिन यांनी छाती आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर उत्पादकांनाही खुलं ठेवलं. १९७० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावण्याचा कायदा केला. पट्ट्यामुळे पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो. चालक चुकतील, धडकतील, हे गृहीत धरून कोणीतरी हे बनवलं. ‘नीट चालवा म्हणजे पट्टा लागणार नाही’ असं बोलिन म्हणाले असते तर?

स्वीडनने हाच विचार रस्त्यांना लावला. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की रस्त्यावर कोणाचा जीव जाणं किंवा कोणी कायमचं जायबंदी होणं हे मान्य करण्याजोगं नाही. या धोरणामागच्या प्रमुख माणसांपैकी एक म्हणजे क्लेस टिंगवाल. त्यांचा मुद्दा साधा होता: माणूस चुकणारच, आणि माणसाचं शरीर किती मार सोसतं ते ठरलेलं आहे; तेव्हा रस्ता, गाडी आणि वेग यांची जुळणी अशी करा की चुकीची शिक्षा मरण ठरणार नाही. तिथे प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा रस्तेविभाग स्वतः सखोल तपास करतो. १९९८ मध्ये येव्ले शहराजवळ ई-४ महामार्गाच्या एका रुंद पट्ट्यावर त्यांनी मधोमध तारेच्या दोरांचा कठडा घातला आणि तीन मार्गिका केल्या, मधली आलटून पालटून एकेका बाजूला, ओव्हरटेकसाठी. नवीन जमीन घेतली नाही, होता तोच रस्ता वेगळा आखला. समोरासमोरच्या धडकांसाठी कुप्रसिद्ध असलेले त्या जातीचे रस्ते असे बदलत गेले आणि त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी झाले. १९९७ साली स्वीडनमध्ये रस्त्यांवर ५४१ माणसं गेली होती, २०१९ साली २२१. तिथल्या लोकांचा स्वभाव बदलला नव्हता.

नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात २०१९ साली रस्त्यावर एकही पादचारी मेला नाही, एकही सायकलस्वार मेला नाही. वर्षभरात एक माणूस गेला. तो मोटार चालवत होता आणि त्याची गाडी कुंपणावर आदळली. हे वाचताना मी बराच वेळ त्या एका माणसापाशीच थांबले होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली त्या पायरीची. ती वर सांगितली. फक्त एवढं जोडते की डांबर टाकतानाच कड उभी न ठेवता उतरती दाबून घेता येते, यंत्राला लावायच्या एका जोडाने. तीस अंशांचा उतार मिळाला तर उतरलेलं चाक झटका न देता वर येतं. पुढची साइडपट्टी कधी खचली तरी ही कड माणसाला वाचवते.

दुसरी खांबाची, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे. गाडीच्या पुढच्या भागात चेपण्यासाठी जागा असते. इंजिन, बॉनेट, मडगार्ड दुमडत जातात, तेवढ्यात वेग उतरतो आणि आतला माणूस वाचतो. दरवाजात ती जागा वीतभरही नसते. पट्ट्याने माझ्या भावाला जागेवर धरून ठेवलं होतं, पण खांबच त्याच्या जागेपर्यंत आत आला. युरोपात नव्या गाड्यांची खांबावर बाजूने आदळवून चाचणी घेतात, ती ताशी ३२ किलोमीटर वेगाने. म्हणजे चांगल्यातली चांगली गाडीसुद्धा खांबापुढे याच वेगाला पारखलेली असते. त्या वळणावर तुमची मर्यादा ८० आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ८० ला ३२ ने भागा आणि वर्ग करा: सव्वासहा पट. आणि ८० च्या वाटेपासून दोन मीटरच्या आत तुम्ही काँक्रीटच्या पायात घट्ट रोवलेला खांब उभा करता, तोही वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिकडे घसरलेली गाडी जाणारच.

याला उपाय नाही असं नाही. पायथ्याशी बोल्ट अशा रीतीने बसवलेले खांब मिळतात की बाजूने धक्का बसताच खांब सुटून बाजूला पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. अमेरिकेत ते १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. दुसऱ्या जातीचे खांब गाडीभोवती दुमडत जातात आणि तिचा वेग थोडा थोडा खातात. जिथे माणसांची वर्दळ असते आणि पडता खांब कोणाच्या अंगावर येऊ शकतो, तिथे हे बरे. वळणाच्या आतल्या बाजूला खांब नेला तरी रस्त्यावर उजेड पडतोच. यातलं काहीच जमत नसेल तर खांबापुढे लोखंडी कठडा घाला, पण तोही नीट. सुरुवातीचं टोक उघडं सोडलेला कठडा मी याच रस्त्यावर दोन ठिकाणी पाहिला. असा पत्रा भाल्यासारखा गाडीत घुसतो.

तिसरी तक्रार वेगमर्यादेच्या निर्णयाची. रस्ता नवा केला तेव्हा तुम्ही मर्यादा ६० ची ८० केलीत. दोन गावांमधला वेळ वाचावा, हा हेतू मी समजू शकते. पण गाडीतली ऊर्जा त्या एका फलकाने पावणेदोन पटींवर गेली आणि वळण, कड, खांब, सगळं साठच्या हिशेबाचंच राहिलं. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीतल्या रस्त्यांनाही हेच लागू आहे. मुलांना मी एक गणित घालते. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक ५० ने, दुसरी ६० ने. समोर मूल आलं, दोघांनी एकाच क्षणी ते पाहिलं, सेकंदाने ब्रेक दाबला, ब्रेक सारखेच चांगले. ५० ची गाडी साधारण २८ मीटरवर थांबते. ६० ची गाडी त्याच रेषेवर अजून ताशी ४० ने चाललेली असते. वर्गात उत्तर आलं की दरवेळी काही सेकंद शांतता पसरते. वेगमर्यादा वाढवण्याच्या बैठकीत हे गणित कोणीतरी मांडायला हवं होतं.

चौथी, फलकाची. अपघातानंतर तुम्ही ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावलात. जागा धोक्याची आहे हे तुम्ही मान्य केलंत, आणि दुरुस्ती चालकावर सोपवलीत.

पाचवी तक्रार मी त्या वळणाजवळ राहणाऱ्या एका बाईंच्या वतीने करते. मी टेप धरून वाकलेली दिसले म्हणून त्या बाहेर आल्या आणि टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. त्यांच्या दाराशी, आतल्या बाजूला, खिळ्याला एक बॅटरी टांगलेली असते आणि खाली घडी केलेली जुनी चादर. गाडी आदळल्याचा आवाज आला की त्या दोन्ही घेऊन पळतात. माझ्या भावाच्या आधी त्यांनी तिथे तीन गाड्या पाहिल्या. तारखा त्यांना तोंडपाठ नाहीत, पण चादर दोनदा बदलली हे आठवतं. माझ्या भावाचा हात त्यांनी धरला होता. हे मला त्यांच्याकडून कळलं. त्या वळणावर आधी तीन वेळा काय झालं होतं, हे तुमच्या उत्तरात नाही. एक बाई दारामागे ज्याची तयारी ठेवून आहे, त्याची नोंद तुमच्या फायलीत नसावी हे मला सहन होत नाही.

मी काय मागते आहे ते स्पष्ट लिहिते.

माझ्या भावाचं प्रकरण पुन्हा उघडा. चालकाचा दोष तसाच राहू द्या, तो खोडा असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली कडेची उंची, खांबाचं अंतर, वळणाची त्रिज्या आणि मर्यादा बदलल्याची तारीख लिहा, आणि मगच ‘रस्त्यात दोष नाही’ यावर सही करायची का ते ठरवा.

त्या वळणाची साइडपट्टी भरा. हे काही दिवसांचं काम आहे, त्यासाठी समिती लागत नाही. खांब आत हलवा किंवा सुटणारा बसवा. हे होईपर्यंत मर्यादा पुन्हा ६० करा आणि ती पाळली जाते का हे पाहण्यासाठी वळणाच्या दोन टोकांना कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग मोजा. एकाच जागी कॅमेरा असला की माणसं तेवढ्यापुरता ब्रेक दाबतात.

यापुढे डांबराचं कोणतंही काम कडेची पायरी मोजल्याशिवाय पूर्ण झालं असं समजू नका आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या मोजमापाला बांधा. वेगमर्यादा वाढवण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब, झाडं, मोऱ्यांचे कठडे यांची अंतरं नोंदवा.

आणि ज्या रस्त्यावर माणूस जाईल तिथे तुमच्या विभागाचा एक अभियंता प्रत्यक्ष जाऊन मोजमाप घेऊ दे, त्याचा अहवाल लोकांना वाचायला मिळू दे. त्या अहवालात ‘इथे काय बदललं असतं तर हा माणूस वाचला असता’ असा एक रकाना हवा. तो रिकामा ठेवायची परवानगी नको.

तुमच्या विभागातल्या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्यातले अनेक जण त्याच वळणावरून घरी जात असतील. मनुष्यबळ कमी आहे, रस्ते हजारो किलोमीटरांचे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नवा खांब नऊ दिवसांच्या आत उभा राहतो हे पाहून मला वाटलं की मनात आणलं तर तुम्हाला वेळ लागत नाही.

माझी मोजमापं, टायरच्या पट्ट्यांचं कागदावर काढलेलं चित्र आणि फोटो या पत्राबरोबर तुमच्या कार्यालयात देते आहे. त्यात काही चुकलं असेल तर तुमच्या अभियंत्यांनी दुरुस्त करावं. मोजायला कोणी येणार असेल तर मला दिवस कळवा, मीही येईन. शक्यतो सकाळी लवकर ठेवा, तेव्हा वाहनं कमी असतात आणि कडेला वाकून मोजता येतं. टेप माझ्याकडे आहे.

आपली,
त्या चालकाची मोठी बहीण